आवडत नाही, एवढंच म्हटलं होतं

परळ, मुंबई
६ जानेवारी २०२५

प्रिय प्रफुल्ल,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा. कागदावर लिहितेय, कारण देवरुखला तुझ्या घरात फोन लागत नाही आणि व्हॉट्सॲपवर हल्ली मी काही लिहीत नाही. आपल्या ग्रुपवर टाकलेला शब्द संध्याकाळपर्यंत शीवपर्यंत फिरून येतो.

तू गावी राहायला गेलास आणि सुटलास. तू सुरू केलेली लालबागची सायकल मंडळी आता पाहिलीस तर ओळखायचा नाहीस. तेव्हा आपण पाच-सहा जण होतो. तुझी डायनॅमोवाली, दौलतची घडीची, माझी साधी हिरवी. लालबागहून निघायचं, वरळीच्या समुद्राकडेने गिरगाव चौपाटी गाठायची, चहा प्यायचा, परत. आता चाळीस माणसं आहेत आणि ग्रुप अभय चालवतो. तोच तो, जिमवाला. त्याची सायकल दोन बोटांवर उचलता येते, हे तो दर रविवारी दोन बोटांवर उचलून दाखवतो. चौपाटीला पोचलं की सगळे समुद्राकडे पाठ करून मनगटावरचं घड्याळ बघतात. "ॲव्हरेज किती आला?" गुड मॉर्निंगच्या जागी आता हेच म्हणतात.

मला वीट आलाय रे. त्या घट्ट जर्सींचा आंबूस वास. ती चिकट जेलची पाकिटं चोखून वरळीच्या कठड्यावर टाकून देतात. काल पेडर रोडच्या चढावर पुढच्या एकाने चालत्या सायकलवरून नाक शिंकरलं, ते माझ्या गुडघ्यावर आलं. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही पठ्ठ्याने. घरी येऊन गुडघा तीनदा धुतला, तरी दिवसभर तिथे काहीतरी आहे असं वाटत होतं.

दुसरं टोक म्हणजे दर्शना. नवीन आहे, तिशीची असेल. लालबागचीच, हळदी आणि डोहाळजेवणाच्या डेकोरेशनचा धंदा आहे तिचा. त्यातलं उरलंसुरलं सगळं तिच्या सायकलवर. हॅंडलला प्लॅस्टिकचा झेंडू, सोनेरी झिरमिळ्या, चाकांत गुलाबी दिवे. आणि बास्केटमध्ये स्पीकर! पहाटे सहाला, वरळीला समुद्र अजून काळा असताना, हळदीची गाणी. ती सायकल पाहिली की मला शिसारी येते. अख्खा मांडव अंगावर चालून आल्यासारखं वाटतं. तुला माहितेय, मला सायकल चालवताना स्वतःच्या साखळीचा आवाजसुद्धा नको असतो.

तुला यातलं काही करायचं नाहीये. फक्त कुठेतरी ओकायचं होतं. तुझ्या अंगावर ओकले, माफ कर. तुझ्या मातृमंदिराच्या रस्त्यावर आंबे मोहरलेत का ते कळव.

तुझी,
संघमित्रा


देवरुख
१३ जानेवारी २०२५

प्रिय संघमित्रा,

तुझं पत्र वाचून मन विटलं. अगं, मंडळी मी सुरू केली ती काही तत्त्वं डोळ्यांसमोर ठेवून. सायकल हे वाहन आहे. तो लग्नाचा घोडा नव्हे. अभयबद्दल तू लिहिलंस ते मला थोडं एकांगी वाटलं. माणूस वेगवेडा असेल, पण निदान सायकलीला सायकल समजतो. मी नोकरीत ड्राफ्ट्समन होतो. रेष सरळ आली नाही की मला जेवण जात नसे. त्या झेंडूंची तर कल्पनाच करवत नाही.

म्हणून मी गप्प बसलो नाही. एस.टी. स्टँडवर रेंज येते, तिथे जाऊन अभयला सविस्तर मेसेज केला. संस्थापक या नात्याने लिहिलं की मंडळीचा एक दर्जा आहे, सजावट आणि ध्वनिवर्धक यांना त्यात स्थान असू नये, आणि ज्यांना जमत नसेल त्यांनी आपली वेगळी वाट धरावी. तुझं नावही घातलंय. तुझी मांडवाची उपमा फारच समर्पक होती, ती जशीच्या तशी दिली. तू सगळ्यांत जुनी सदस्य, तुझ्या शब्दाला वजन आहे.

तू बोलायला संकोचत होतीस, ते माझ्याकडून झालं. आता निर्धास्त चालव.

मोहर थोडा आलाय. थंडी टिकली तर बरं.

तुझा,
प्रफुल्ल


परळ
२० जानेवारी २०२५

प्रफुल्ल,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. मी फोन करकर केला, लागला नाही. अभयला केला, तो म्हणाला, "ताई, उद्या बोलू." उद्या काय झालं ते आता ऐक.

चौपाटीवर चहा झाल्यावर अभयने सगळ्यांना गोल उभं केलं. दर्शना सायकलला टेकून उभी होती, स्पीकर बंद होता. अभय म्हणाला, "दर्शना, हे मी नाही बोलत हं. प्रफुल्लसर बोलतायत. मंडळीचे फाउंडर." आणि त्याने तुझा मेसेज वाचायला घेतला. दर्जा, स्थान, वेगळी वाट, सगळं. मग थांबला, माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "आणि संघमित्राताईंचंही हेच मत आहे." मग माझं वाक्य. शिसारी. मांडव. नाटकातल्यासारखा आवाज काढून वाचलं.

लोक हसले रे. चाळीस माणसं खो खो हसली.

दर्शनाने मला विचारलं, "ताई, तुम्ही असं बोललात?"

मी म्हटलं, "हो. बोलले."

"मग मला का नाय सांगितलं? दर रविवारी तर शेजारून जाता."

तेवढ्यात तो शंतनु, तोच गुडघ्यावर शिंकरणारा, पुढे झाला आणि "चला, मांडव परतणी!" म्हणत त्याने हॅंडलवरची फुलं ओरबाडली. झिरमिळ्या तुटून वाळूत पडल्या. एकाने चाकात हात घालून दिव्यांची तार खेचली. बाकीचे मोबाइल वर धरून उभे होते. मी ओरडले, "अरे, हात काढ!" कुणी ऐकलंसुद्धा नाही. दौलतने शंतनुचा दंड धरला, तेव्हा कुठे तो थांबला.

दर्शना रडली नाही. तिने वाळूतून एकेक फूल उचललं, झटकलं, बास्केटमध्ये टाकलं. मी वाकून दोन फुलं उचलली तर म्हणाली, "राहू दे. तुम्हाला शिसारी येते ना?"

आणि गेली.

संध्याकाळी व्हिडिओ ग्रुपवर आला. खाली हसणारी पिवळी तोंडं, रांगच्या रांग. त्यात आपल्यासोबत सुरुवातीपासून असलेलीही तोंडं होती. मी ग्रुप सोडला. माझ्या हातांना अजून त्या ओल्या वाळूचा वास येतोय, आणि तुझा विचार आला की तसंच काहीतरी होतं.

मला आवडत नाही, एवढंच म्हटलं होतं मी. तिला हाकला असं कुठे लिहिलं होतं? दाखव मला ती ओळ.

संघमित्रा


देवरुख
२९ जानेवारी २०२५

प्रिय संघमित्रा,

जे घडलं ते वाईटच. शंतनुने हात लावायला नको होता. पण तू सगळा राग माझ्यावर काढतेस हे बरोबर नाही. शब्द तुझेच होते. मी एकही पदरचा घातला नाही. तुला ती सायकल सहन होत नव्हती, मलाही झाली नसती, मग मी वेगळं काय केलं? फुलं तोडा असं काही मी लिहिलं नव्हतं.

एस.टी. स्टँडवर गेलो होतो, तिथे अभयचा फोन आला. त्यालाही वाईट वाटतंय. म्हणाला, जरा जास्तच मजा झाली. मंडळीचा वर्धापनदिन दोन मार्चला दादरला एका हॉलमध्ये आहे, मला संस्थापक म्हणून बोलावलंय, शाल-श्रीफळ आहे. मी गिरगावात भावाकडे उतरेन. तोवर तुझा राग निवळलेला असो. तू आलीस तर मला बरं वाटेल.

प्रफुल्ल


परळ
९ फेब्रुवारी २०२५

प्रफुल्ल,

"जरा जास्तच मजा झाली." हे वाक्य तू मला शाईने लिहून पाठवलंस. तुला लिहिताना काहीच कसं वाटलं नाही?

मी वेगळं काय केलं म्हणून विचारतोस, तर सांगते. आमच्या नायगावच्या चाळीत चौदा एप्रिलला रात्रभर गाणी लागायची. निळ्या पताका, दिव्यांच्या माळा, मोठाले कर्णे. समोरच्या इमारतीतल्या एक बाई खिडक्या लावून घ्यायच्या. त्यांना आवाज सहन होत नसेल, तो त्यांचा प्रश्न. मला आज त्यांचं कळतंसुद्धा. पण त्या खिडकी लावून थांबल्या नाहीत. घरोघर फिरून सह्या गोळा केल्या, पोलिसांत दिल्या. आणि माझ्या आईला दुकानात गाठून म्हणाल्या, "तुम्हा लोकांची आवडच भडक." घरी येऊन माझी लाल रिबीन काढून आईने काळी बांधली. मी चौथीत होते.

मला शांतता आवडते, ती माझी स्वतःची आहे की त्या बाईंची, हे मला आजही सांगता येत नाही. पण तुझा मेसेज चौपाटीवर वाचला गेला तेव्हा मी त्या बाईंच्या बाजूला उभी होते, आणि मला माझीच किळस आली. तू मला तिथे उभं केलंस, मला न विचारता. वेगळं काय केलंस ते हे.

गेल्या रविवारी मी दर्शनाकडे गेले. लालबागला मसाल्याच्या गल्लीत, पोटमाळ्यावर तिचं सामान असतं. खाली डंकावर मिरची कुटत होते, शिंका आवरत जिना चढले. ती जमिनीवर बसून गोंडे बांधत होती. पाणी विचारलं नाही.

मी म्हटलं, "मी माफी मागायला आलेय."

"कसली? आवडत नाय बोललात, त्याची?"

"नाही. ते अजून आवडत नाहीच."

तिने तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं. "मग कसली?"

"तुला न सांगता दुसऱ्याला सांगितलं, त्याची. आणि नंतर मी नुसती ओरडले, मधे पडले नाही, त्याची."

खरं सांगू, मी येताना मनात तिच्यासाठी एक कारण तयार ठेवलं होतं. वडील गेले असतील, घरात कुणी नसेल, गाण्यांशी काहीतरी आठवण जोडलेली असेल. म्हणजे मला तिची दया करता आली असती आणि सगळं सोपं झालं असतं. मी विचारलं, "तू हे सगळं सायकलला का लावतेस?"

"का म्हंजे? मस्त दिसतं."

"आणि गाणी?"

"चालवायला मजा येते. तुम्ही का चालवता?"

बस. दुसरं काही नव्हतं. वडील खाली दुकानात होते, धडधाकट, मिरची चाळत. उलट तीच म्हणाली, "ताई, राग नका मानू, पण तुमची ती हिरवी सायकल बघितली की मला मयताला चाललेत असं वाटतं. ना घंटी, ना काय. मागून कधी येता कळत नाय, भूत कसं!"

मला रागच आला. घंटा का नाही याची माझ्याकडे पाच कारणं होती. मग लक्षात आलं की हिने निदान तोंडावर सांगितलं.

काल आम्ही दोघी गेलो, हाजीअलीपर्यंत. ती पुढे, मी बरीच मागे, गाणं कानावर पडणार नाही एवढी. तिने नवीन झिरमिळ्या लावल्यात, आधीपेक्षा वाईट. सिग्नलला थांबलो की ती गाणं बंद करायची. मी सांगितलं नव्हतं.

तिचा पत्ता खाली देतेय. लिहायचं तर तिला लिही. मला "राग निवळो" वगैरे लिहू नकोस. वर्धापनदिनाला मी येणार नाही.

संघमित्रा


लालबाग, मुंबई
१९ फेब्रुवारी २०२५

प्रफुल्लसर यांना,

तुमचं पत्र मिळालं. अक्षर छान आहे. पत्र लिहायची सवय नाही म्हणून थोडक्यात लिहिते.

तुम्ही माफी मागितली, ठीक आहे. पण पुढे लिहिलंय की तुम्ही अभयशी बोलून मला परत घ्यायला सांगाल, फक्त मी सजावट "सौम्य" करावी आणि आवाज "मर्यादेत" ठेवावा. सर, तुम्ही मला ओळखत नाही, माझी सायकल बघितलेली नाही, तरी सौम्य किती ते तुम्हीच ठरवणार? गाण्याचा कुणाला त्रास होत असेल तर त्याने सांगावं, मी आवाज कमी करते. माणसासाठी करते. ताईंसाठी करतेच. दर्जासाठी नाही करणार.

आणि मला परत यायचंच नाही. त्या लोकांचा मला वास येतो. ताई सांगतात तसा घामाचा म्हणत नाही मी. त्या दिवशी ते हसले ना, त्यानंतर त्यांच्यातला कोणी समोरून आला की मला मळमळतं. एकजण परवा करी रोडला भेटला, "काय दर्शना, येत नाहीस?" म्हणाला. व्हिडिओत तोच सगळ्यांत मोठ्याने हसतोय.

तुम्हाला माझी सायकल आवडू नये, माझं काही म्हणणं नाही. बघून तरी नावडू द्या.

दर्शना


गिरगाव, मुंबई
३ मार्च २०२५

संघमित्रा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून भावाच्या घरातून टपालानेच लिहितोय. शिमग्याला गावी परतायचंय, तोवर इथे आहे.

कालचा वर्धापनदिन झाला. दर्शनाचं पत्र माझ्या खिशात होतं. ते वाचून मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. एवढं वाकून लिहिलं तरी पोरीचा ताठा, असं वाटलं होतं. त्याच मनाने स्टेजवर जाऊन बसलो. शाल घातली, नारळ दिला. मग दिवे घालवून पडद्यावर "वर्षातले धमाल क्षण" लावले.

तू सांगितलेलं मी वाचलं होतं, पण ग्रुपवरचा व्हिडिओ उघडून पाहिला नव्हता. ती वाकून फुलं उचलतेय आणि मागे हसण्याचा आवाज. त्यावर अभयचा आवाज, माझा मेसेज वाचणारा. "दर्जा" म्हटलं की हॉलमध्ये पुन्हा हशा. ड्राफ्टिंगच्या टेबलाशी बसून विचार करावा तशी मी ती वाक्यं जुळवली होती गं. तो शब्द तिथे ऐकला आणि तोंडात कडू पाणी आलं. पेढा खाल्ला होता, तो वर येतो की काय असं झालं.

दिवे लागल्यावर मी माइक घेतला. म्हटलं, "हा मेसेज माझा आहे. तो लिहिला याची मला लाज वाटते. आणि तुम्ही यावर हसताय याची त्याहून जास्त." मला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी बोलेल. तर अभय पुढे आला, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "सर जरा इमोशनल झाले! एकदा जोरदार टाळ्या सरांसाठी!"

आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. उभं राहून. शंतनुने शिट्टी मारली. त्या टाळ्या माझ्या अंगावरून काही केल्या जात नाहीत. दौलत तेवढा शेवटच्या रांगेतून उठून दाराशी जाऊन थांबला होता. शाल खुर्चीवर ठेवली आणि त्याच्याबरोबर बाहेर पडलो.

तिथून लालबागला गेलो. तिचे वडील म्हणाले, ती चिंचपोकळीला एका हळदीच्या हॉलवर आहे. गेलो. ती शिडीवर होती.

"तुम्ही ते सर?"

"हो."

"शिडी धरता येते?"

धरली. तासभर धरून उभा होतो, मग माळेचं एक टोक धरलं. पोपटी कापड, त्यावर राणी रंगाची फुलं, त्यावर सोनेरी जाळी. संघमित्रा, मला ते बघवत नव्हतं. उतरून ती मागे झाली आणि विचारलं, "कसं वाटतंय?"

छान म्हणणं फार सोपं होतं. मी म्हटलं, "मला नाही आवडलं."

ती म्हणाली, "पार्टीला आवडलं की झालं. डावी बाजू जरा वर घ्या, तिरकी दिसतेय."

मी वर घेतली. खरंच तिरकी होती.

मंडळीच्या ग्रुपमधून मी नाव काढलंय. संस्थापकाचं नाव काढता येत नाही असं अभय म्हणतो, बघू. तुझ्याकडे मी काही मागत नाही. तुला विचारायला हवं होतं, एवढंच लिहायचं राहिलं होतं.

प्रफुल्ल


परळ
६ मार्च २०२५

प्रफुल्ल,

पत्र मिळालं. दर्शना काल आली होती, तिच्याकडूनही कळलं. म्हणाली, "सर बोर माणूस आहेत, पण माळ सरळ धरतात."

रविवारी आम्ही वरळी कोळीवाड्यापर्यंत जातोय. दौलत येईल, तो तिथे मासळीचा काय भाव चाललाय त्यासाठी येतोय, सायकलसाठी नाही. दर्शना गाणी लावणार. मी मागून येणार. तुला कुठे राहायचं ते तू ठरव, भावाची सायकल घे नाहीतर कुणाचीही.

तिला तू अजून आवडलेला नाहीस. मलाही सध्या नाही आवडत. पहाटे सहाला लालबागला भारतमाता टॉकीजच्या चौकात ये.

संघमित्रा